अनफिट झाल्याचे पेढे

३ जानेवारी १९८३

आज जेवता जेवता आनंदा म्हणाला, "माय, तू अनफिट होऊन जा."

असं म्हणाला जसं काही — माय, तू आंघोळ करून घे. भाजीचा पळा माह्या हातात होता. त्याच्या ताटात वाढला, डोक्यात नाही घातला. एवढी सबूर मले रेल्वेनं शिकवली.

मी म्हटलं, "आधी तू फिट हो. मंग माह्यं पाहू."

प्रेमिला, त्याची बायको, तवा पुसत राहिली. वर पाहिलं नाही. म्हणजे नवराबायकोचं आधीच ठरलं होतं. माह्याच घरात माह्या डोळ्यांची मीटिंग झाली अन् मलेच बोलावलं नाही.

४ जानेवारी

बाहेरच्या माणसाले हा शब्द शिवी वाटन. आमच्या रेल्वेवाल्यात आशीर्वाद आहे. वेळेवर रिटायर झालं तं गळ्यात हार पडते, अन् पोरगा घरी बसलेला तो बसलेलाच. पण त्याच्या आधी डॉक्टरनं लिहून देलं, का हा माणूस आता कामाचा नाही, तं त्याच्या पोराचा विचार होते. म्हणून लोक अनफिट व्हायले धडपडतात.

बाजूच्या क्वार्टरातले रुपराव पॉइंट्समन मागच्या साली डोळ्यानं अनफिट झाले. साऱ्या लाईनीत पेढे वाटले. आता तेच रुपराव पाण्याच्या टाकीवरचा पोपट पाहून सांगतात, का नर आहे का मादी. पोरगा खलासी लागला.

त्या पेढ्यातला मीही खाल्ला. गोड होता.

६ जानेवारी

प्रेमिलाले सुईत दोरा ओवून देला. एका झटक्यात. अन् हे लोक मले आंधळी करायले निघाले.

९ जानेवारी, रविवार

भैय्याजी आले. युनियनचे. इस्त्रीचं धोतर, पायात करकर वाजणारे जोडे. आनंदानंच बोलावलं असन. चहा प्याले, अन् मले आंधळं कसं व्हायचं ते शिकवाले बसले.

"बाई, काही अवघड नाही. भिंतीवर अक्षराईची पाटी राहते. वरचं मोठं अक्षर वाचायचं. दुसरी ओळ अडखळत वाचायची. तिसरी आली का म्हणायचं — साहेब, धुकं दिसून राहिलं."

"दवाखान्यात धुकं कुठून येईन?"

"म्हणायचं असते, बाई."

"अन् पाटीवर माशी बसली दिसली तं?"

"तुम्ही मजाक करून राहिल्या. इकडं पोराचं वय निघून चाललं."

ते खरं आहे. म्हणून मी गप बसली. भैय्याजीले वाटलं मी कबूल झाली.

दीक्षा घेतली तेव्हा मले एक अक्षर येत नव्हतं. मंग विहारात इंदूबाई शिकवायले लागली. तिशी ओलांडलेल्या बायका आम्ही, पाटीवर "क" काढायचो तं तो कुत्र्यासारखा दिसे. इंदूबाई हसे नाही. म्हणे, रोज दोन ओळी लिहीत जा वं, नाही तं अक्षराले गंज चढते. तिच्या त्या एका बोलण्यानं मी अजून लिहून राहिली. तिचे उपकार आहेत.

अन् आता हे म्हणतात, वाचू नका. वाचू नको म्हणणारे मले आधीही पुष्कळ भेटले. पण त्यातलं कोणी माह्या घरी येऊन माह्याच हातचा चहा पीत पीत नव्हतं म्हटलं.

१५ जानेवारी

गाडी लेट होती. फाटकाजवळच्या ओट्यावर बसली होती, तं मागचं सारं आठवलं.

धोंडबा, आनंदाचा बाप, गँगमध्ये होता. रुळावर गस्त घालताना साप चावला. संध्याकाळी घरी आणला तो आडवाच. आनंदा तेव्हा माह्या कमरेएवढा. नातेवाईक आले, रडले, जेवले, गेले. मंग रेल्वेचा माणूस आला अन् म्हणाला, "बाई, काम करता काय?" मले तोवर कोणी विचारलं नव्हतं. सारे सांगतच होते.

पहिलं काम लोकोशेडात. इंजनाच्या राखेतून अर्धा जळलेला कोळसा वेचायचा. पहिल्याच दिवशी मले रडू आलं. मिस्त्री होते ताराचंद, त्याईनं पाहिलं. म्हणे, "धुआँ लगा क्या? यहाँ सबको लगता है." अन् आपला गमछा देला. पुन्हा एक शब्द नाही. मी डोळे पुसले अन् तोच गमछा डोक्याले बांधला. परत मागितला नाही त्याईनं. असे माणसं असतात.

मंग रामटेक टेसनावर पाणीवाली. लोक गडावर रामाच्या दर्शनाले यायचे. उन्हानं जीभ बाहेर आलेली, तरी आधी इचारत, "बाई, तुम्ही कोण होय?"

मी म्हणे, "रेल्वे."

"तसं नाही. घरचे कोण?"

"घरीही रेल्वेच."

काही जण तसेच तहानलेले गड चढले. बाकीचे प्याले. चैत्राच्या उन्हापुढं लय मोठमोठ्या लोकाईचं चाललं नाही. मले त्या नोकरीनं पगार देला तो देलाच, पण त्या प्रश्नाचं उत्तरही देलं.

मंग नागपूर टेसनावर बायकाईच्या वेटिंग रूममध्ये आया. तिथं समजलं, का मोठ्या घरच्या बायकाही तोंड उघडं टाकून घोरतात.

अन् मंग हे फाटक. छोटी लाईन. घंटी आली का फाटक लावायचं, हिरवी झेंडी धरून उभं राहायचं, गाडी गेली का उघडायचं. सायकल, बैलाची रेंगी, म्हशी, वरात, मयत — सारे माह्यापुढं थांबतात. कलेक्टर आला तं तोही थांबन. कोळसा वेचणाऱ्या बाईले अजून काय पाहिजे?

२० जानेवारी

प्रेमिलानं बादली पुन्हा वाटेतच ठेवली. माह्या नडगीले लागली. मी बोलली. ती म्हणे, "आत्याबाई, बादली तं रोजच्याच जागी आहे." हिले उलटं बोलाले कोणी शिकवलं?

२६ जानेवारी

आनंदाले हिंगण्याच्या कंपनीनं कामावरून घरी बसवलं, त्याले लय दिवस झाले. त्याच्या आधी कापडाची मिल सुटली होती. कंपनीच्या बसमध्ये बसून जात होता तेव्हा गडी वेगळाच दिसे, केस ओले करून भांग पाडे. आता खाटेवर बसला राहते. रिकामा माणूस घरात जागा जास्त घेते.

तसा वाईट नाही. पीत नाही, बायकोवर हात उचलत नाही. पण आयतं भेटलेलं त्याच्या हातात टिकत नाही. मिलची नोकरी माह्या भावानं लावून देली होती, ती साहेबाच्या एका शब्दावर सोडून आला. हिंगण्याले कोणीतरी चिकटवलं, तिथं रोज उशीर. जे त्यानं स्वतःच्या हातानं केलं ते मात्र टिकते — मागचं न्हाणीघर त्यानंच बांधलं, अजून एक वीट हलली नाही.

३० जानेवारी

चुलीपाशी प्रेमिला हळूच म्हणाली, "आत्याबाई, मी तुम्हाले काही म्हणत नाही." म्हणजे म्हणणार होती.

"विशाखाले शाळेत बाईनं इचारलं, तुझे बाबा काय करतात. ही म्हणाली, माझी आजी रेल्वेत आहे."

अन् भाकर उलटवली.  नातीचा अभिमान वाटावा का पोराची लाज, मले समजलं नाही. दोन्ही एकाच घासात आलं.

२ फेब्रुवारी

मुकादम वामनराव मेडिकलचा निरोप घेऊन आले. बावीस तारखेले मोठ्या दवाखान्यात हजर व्हायचं. दर काही वर्षांनी असते ते.

त्याईले माहीत आहे घरात काय चालू आहे. साऱ्या लाईनीले माहीत आहे. जाताना सायकलवर टांग टाकून म्हणाले, "गोपिकाबाई, तुमच्या फाटकाची मले कधी चिंता नाही वाटली."

एवढंच. मी दिवसभर ताठ चालली.

५ फेब्रुवारी

फाटक लावताना एक दूधवाला सायकलीसकट आडव्या खांबाखाली आला. कुठून आला काय माहीत, जमिनीतून उगवल्यासारखा. मलेच म्हणते, "दिसत नाही काय वं बुढे?" मी म्हटलं, "तुह्या दुधातलं पाणी इथून दिसते मले." लोक हसले. 

११ फेब्रुवारी

आज आनंदा बोललाच.

"तुले पोरापेक्षा रेल्वे जास्त आहे."

"त्या रेल्वेनंच तुले मोठं केलं गा."

"मंग मलेही घेऊ दे ना तिले. तुह्ये किती दिवस राहिले आता? रुपरावकाकानं केलं नाही? सारेच करतात. एक शब्द बोलायचा आहे तुले. दिसत नाही. बस."

एक शब्द म्हणते. फाटकावर माह्यं काम काय? दिसलं ते सांगायचं. लाईन मोकळी दिसली का हिरवी झेंडी. ड्रायव्हर त्या झेंडीवर भरोसा ठेवून साऱ्या डब्यांसकट निघून जाते, थांबून इचारत नाही, का बाई, खरंच का? मी आज म्हटलं, का मले दिसत नव्हतं, तं आजवर दाखवलेली एकेक झेंडी खोटी ठरन. माह्याजवळ दुसरं काय आहे? जमीन नाही, दागिना नाही. तेवढ्या झेंड्या आहेत.

हे त्याले सांगता नाही आलं. त्याले म्हटलं, "ऊठ, पाणी भरून आण."

भरून आणलं.

२१ फेब्रुवारी

उद्या मेडिकल.  प्रेमिलानं माह्यं पांढरं लुगडं धुऊन ठेवलं.

दुपारी आनंदा विशाखाचं दप्तर शिवत होता. मोची नेहमीच्या जागी बसलेला होता, तरी हा घरीच शिवत बसला. दाभण बोटात गेलं. त्यानं बोट तोंडात घातलं, लहानपणी घाले तसंच.

खोटं कायले लिहू. त्या वेळी वाटलं, बोलून टाकावं उद्या. धुकं आलं म्हणावं. एका शब्दानं घर उभं राहते तं माह्या झेंड्यांचं काय लोणचं घालायचं आहे?

उद्या तोंडातून काय निघन, मलेच माहीत नाही.

२२ फेब्रुवारी

निघालं ते खरंच निघालं.

दवाखान्यात लाईन लय मोठी. माह्यापुढचे दोघं बाहेर बाकावर बसून आंधळे व्हायची प्रॅक्टिस करून राहिले होते. माह्या नावाचा पुकारा झाला. आत गेली. भिंतीवर पाटी. डॉक्टर जवान, शहरी बोलणारा. म्हणाला, "वाचा, बाई."

वरचं मोठं अक्षर होतं "क". मी त्या "क"कडं पाहिलं अन् संपलं सारं. इंदूबाईसमोर वाचे तसं वाचलं, वरून खालवर, खणखणीत. शेवटची ओळ तं त्यानं सांगायच्या आधीच वाचली. डॉक्टर हसला. रंगाचे दिवे दाखवले — लाल, हिरवा, पिवळा, हिरवा. एक चुकली नाही. मनात म्हटलं, आनंदा, माफ कर गा बाबा, तुह्या मायच्यानं होत नाही.

मंग डॉक्टर माह्या समोर स्टूल घेऊन बसला. "माझ्या नाकाकडे पाहा. डोळे हलवायचे नाहीत. बाजूनं माझं बोट दिसलं की सांगा."

मी नाकाकडं पाहून राहिली. चांगलं नाक होतं. पाहता पाहता कंटाळा आला.

मी म्हटलं, "डॉक्टरसाहेब, बोट कधी काढता?"

त्यानं जवळ उभ्या नर्सकडं पाहिलं.  मी मान वळवली तं त्याचं बोट माह्या कानाजवळ हलून राहिलं होतं.

"केव्हाचं हलवतोय, बाई."

मंग त्याचा आवाज बदलला. म्हणाला, "मुलाला लावायचं आहे का नोकरीवर? अक्षरं वाचली आणि आता ही युक्ती? मी रोज पाहतो असले लोक."

त्याच्यावर राग नाही. त्यानं बाहेरच्या बाकावरचे पाहिले होते. मी म्हटलं, "साहेब, मले नाटक करायचं असतं तं मी पाटीवरच केलं असतं. मले तसंच शिकवलं होतं."

त्यानं पुन्हा नाकाकडं पाहायले सांगितलं. काही वेळानं नर्स म्हणाली, "सर, पापणी पण नाही हलली." माह्या डोळ्याच्या बाजूले त्यानं जोरात हात मारायचं केलं होतं. मले वारा लागला. हात नाही दिसला.

मोठ्या डॉक्टराले बोलावलं. डोळ्यात थेंब टाकले, काहीतरी ठेवून दाब मोजला, बॅटरी मारून आत पाहिलं. मोठा डॉक्टर म्हातारा होता, सबुरीनं बोलला. काचबिंदू म्हणे. आतली नस सुकून राहिली. समोरचं चांगलं दिसते, म्हणून माणसाले पत्ता लागत नाही. बाजूचं गेलं ते परत येत नाही. थेंबानं बाकीचं टिकलं तं टिकलं, नाही तं हळूहळू तेही जाईन.

"फाटकावर नाही, बाई. दुसऱ्याही कामावर आता नाही."

मी इचारलं, "केव्हापासून गेलं?"

म्हणाला, "सांगता येत नाही. दोन-चार वर्षं तरी."

येताना रिक्षा केली. जिंदगीत पहिल्यांदा रस्ता ओलांडाले भेव वाटलं.

२३ फेब्रुवारी

घरी एकच शब्द सांगितला. अनफिट.

प्रेमिला रडली अन् पाया पडली. आनंदा खाटेवरून उठून उभा राहिला अन् उभाच राहिला. कोणी इचारलं नाही, का काय झालं. त्याईले वाटते, का त्याईले माहीत आहे.

२५ फेब्रुवारी

भैय्याजी पेढे घेऊन आले. म्हणे, "बाई, मी सांगितलं नव्हतं? धुक्यानं काम केलं ना!" मागून रुपराव. "गोपिकाबाई, तुम्ही तं माह्याहून मोठ्या कलाकार निघाल्या. एवढ्या ताठ बाईनं करून दाखवलं."

लाईनीतल्या बायका येऊन हसून गेल्या. कोणाले राग नाही. उलट आता मी त्याईच्यातली झाली. फाटकावर परवापासून बदली माणूस आहे, मी नुसती ओट्यावर बसते; वामनराव मात्र आले अन् माह्याकडं न पाहता हजेरी घेऊन गेले. ते लागलं.

थेंब डब्यात लपवून ठेवले होते, आनंदानं पाहिले. "अजून कायले टाकतं, माय? झालं ना काम." मी म्हटलं, "कोणी तपासाले आलं तं?" तो हसला. हुशार वाटली मी त्याले.

२८ फेब्रुवारी

आज फाटक सोडलं. झेंड्या, बत्ती, कुलूप नव्या माणसाले देलं. शेवटच्या गाडीचा गार्ड आला, त्यानं झेंडी हलवली. रोजच हलवते. त्याले माहीत नव्हतं.

बसल्या बसल्या हिशेब एकच करत होती. चार वर्षं म्हणा. दोन्हीकडून माणसं, ढोरं, लेकरं आली असतील अन् मी समोर पाहून फाटक लावत होती. कोणी मेलं नाही. एकही नाही. ह्याचे आभार कोणाचे मानू? देवाले मी हात जोडत नाही. मंग त्या दूधवाल्याचे मानते, ज्यानं शिवी देली पण ब्रेक दाबला. त्या बैलाईचे, जे घंटी ऐकून स्वतःच थांबले. त्या बायाईचे, ज्याईनं लेकराचा हात मागं ओढला. मले वाटे मी साऱ्याईले थांबवते. तेच मले सांभाळून राहिले होते.

रेल्वेचेही मानते. कोळशापासून झेंडीपर्यंत आणलं. अन् जेव्हा माह्यावर भरोसा ठेवण्यासारखं राहिलं नाही, तेव्हा माह्याआधी तिलेच समजलं. बरं झालं. आनंदानं वाचलं नाही तोवर लिहिते — लय बरं झालं.

१७ एप्रिल

रेल्वेचं क्वार्टर सुटलं. पाचपावलीतली ही भाड्याची खोली अंधारी आहे. प्रेमिला बादली आता भिंतीले चिकटवून ठेवते. मी काही म्हटलं नव्हतं. पाहत असन.

आनंदाच्या कागदावर अजून काही नाही. भैय्याजी म्हणतात, होऊन राहिलं, होऊन राहिलं.

२० जून

वामनराव रस्त्यात भेटले. मी सांगितलं. खरं काय ते, एवढ्या माणसातून एकट्या त्याईले. ते सायकलवरून उतरले. मंग म्हणाले, "घरी सांगितलं?" म्हटलं, नाही. "मीही सांगू नको म्हणता?" म्हटलं, अजून ठरलं नाही. ते माह्यासोबत सायकल ढकलत, माह्या डाव्या अंगानं, घरापर्यंत चालत आले.

१ ऑगस्ट, सोमवार

आनंदा आज वर्कशॉपात खलासी म्हणून रुजू झाला. केस ओले करून भांग पाडला, निघताना पायावर डोकं ठेवलं. म्हणाला, "माय, तू जिंदगीत खोटं नाही बोलली अन् माह्यासाठी बोलली. हे मी वाया नाही जाऊ देणार."

खरं जिभेवर आलं होतं. पण नशिबानं आलेली नोकरी हा पोट्टा दिवाळीपर्यंत सोडन. मायनं इज्जत देऊन आणलेली नाही सोडणार.

म्हटलं, "हो गा. तुह्यासाठी बोलली."